बाबांच्या पेटीचा गांधार आणि लायब्ररीचा गांधार : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्यात लॅपटॉपची डिस्क गेली. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत, पंखा बंद ठेवून दोन-दोन तास रेकॉर्डिंग करत होते. त्यामुळे ती का गेली हे मी कुणाला विचारलं नाही. रेकॉर्डिंगच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर होत्या, त्या वाचल्या. अडकली ती वाद्यांची लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांचे टिपलेले सूर लॅपटॉपवर वाजवणारं सॉफ्टवेअर. नव्या डिस्कवर पुन्हा चढवली, तर तिनं सांगितलं की तुमचं लायसन दोन मशीनवर आधीच वापरलं गेलं आहे. मशीन तेच, डिस्क तेवढी बदललेली. पण तिच्या हिशेबात हा तिसराच लॅपटॉप. दहा विद्यार्थ्यांचे रियाजाचे ट्रॅक अर्धवट होते आणि कंपनीकडून सहा दिवस उत्तर नाही. त्या रागात हा अनुभव लिहायला घेतला. आता ऑगस्ट आहे आणि मत बरंच बदललंय, पण रागात लिहिलेलं सगळं खोडत नाही, कारण त्यातलं बरंच अजूनही खरं आहे.

लायब्ररीचं नाव देत नाही. भारतीय वाद्यांची सशुल्क लायब्ररी, सवलतीत साधारण बारा हजारांना पडली. मी जो दोष सांगणार आहे तो तिच्या एकटीचा नाही. डेमो घेऊन पाहिलेल्या आणखी दोघींतही तो होता.

आधी ती घेतली का, ते सांगते. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, गाणं शिकवते, निम्मे विद्यार्थी ऑनलाइन आहेत. प्रत्येकाला त्याच्या पट्टीत लेहरा (तालाच्या आवर्तनात पुन्हा पुन्हा वाजणारी धून), ठेका, तानपुरा असा ट्रॅक करून द्यावा लागतो. घरात बाबांची पेटी आहे. बाबा माधव संगीत महाविद्यालयात शिकले, भातखंड्यांच्या पुढाकारानं १९१८ साली सुरू झालं तेच. त्यांचा षड्ज काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. त्यांनी पेटी गांधार ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तानपुऱ्याशी सूर जुळतील अशी, लावून घेतली होती. सूर लावणारे काका दर वर्षी दिवाळीनंतर यायचे, पेटी उघडून सतरंजीवर बसायचे. पितळी सुराची जीभ टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. गांधाराची जीभ ते मुळाशी दोनदा-तीनदा हलकेच खरवडायचे, भाता भरायचे, आणि बाबांकडे बघायचे. बाबा तानपुरा छेडत डोळे मिटून बसलेले. "अजून केसभर, काका." मग एका क्षणी पेटी आणि तानपुरा यांच्यातली थरथर थांबायची आणि खोलीत एकच सूर उरायचा. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. गांधार म्हणजे काय हे मला त्या क्षणी कळलं, पुस्तकातून नाही.

अडचण अशी की माझा षड्ज काळी चार. बाबांच्या पेटीवर काळी चारवरून वाजवलं तर त्यांचा निषाद माझा गांधार होतो आणि तो अगदी जागेवर बसतो. पण त्यांचा धैवत, म्हणजे काळी पाच, माझा ऋषभ होतो आणि तो जवळपास २२ सेंट उतरलेला असतो. (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर.) काळी एकच्या धैवताला जे योग्य, ते काळी चारच्या ऋषभाला चालत नाही, एकाच पट्टीतून दोन्ही निघणं शक्यच नाही. म्हणून माझ्या पट्टीत ती पेटी यमनला निकामी. ती पुन्हा लावून घ्यायची माझी छाती नाही. काका आता नाहीत, बाबाही नाहीत. तो गांधार खरवडून घालवायचा नाही, एवढं मी ठरवलं आहे.

तर डिसेंबरात, तानसेन समारोहाच्या आठवड्यात, लायब्ररी आणि नवा माइक असं दोन्ही घेतलं.

माइकबद्दल थोडक्यात, कारण तिथं तक्रार नाही. रोडचा एनटी वन, पाचवी आवृत्ती. त्याचा स्वतःचा आवाज अवघा ४ डेसिबल आहे. म्हणजे मिरजेच्या तानपुऱ्याची खर्जाची तार विरत-विरत जाते तेव्हा शेवटपर्यंत तीच ऐकू येते, मागे माइकची सळसळ नाही. खालून यूएसबी थेट लॅपटॉपला लावली की ३२-बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड होतं. याचा मला झालेला उपयोग असा : नवीन मुलं आलापात दबकी असतात आणि तानेला एकदम ओरडतात. पूर्वी गेन लावण्यात निम्मा तास जायचा आणि तरी एखादी तान फाटायचीच. आता पातळी नंतर खाली घेतली की तान साबूत मिळते. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी रेकॉर्डिंगचं स्वरूपही ३२-बिट फ्लोट ठेवायला विसरू नये, नाहीतर हा फायदा वाटेतच सांडतो. माइकवर हेडफोनची जागा नाही, हे घेतानाच ठाऊक होतं. ट्रॅक ऐकत गायचं असेल तेव्हा तोच माइक जुन्या इंटरफेसला (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) एक्सएलआर केबलनं जोडते. त्यामुळे तो इंटरफेस विकायचा बेत रद्द केला.

एक मात्र झालं. माइक इतका शांत आहे की घर किती बोलकं आहे ते कळलं. झरोक्यातली कबुतरं, इन्व्हर्टरची शिटी, खालच्या गल्लीतली भाजीची गाडी, लग्नसराईत बाड्याच्या चौकाकडून येणारी वरात. सकाळी साडेचार ते सहा हीच खरी वेळ. भिंतींना रजया टांगल्या आहेत. थंडीत त्या अंगावर घ्याव्या लागतात, तेव्हा जानेवारीतली सगळी रेकॉर्डिंग जरा पोकळ वाजतात.

आता गांधार.

पहिला ट्रॅक भूपाचा केला. तीनतालातला लेहरा, काळी चार, खाली माझा स्वतःचा तानपुरा. इंदूरच्या एका विद्यार्थिनीला पाठवला. तिचा दुसऱ्या दिवशी फोन, "ताई, पेटीबरोबर लावला की गांधार हलतो. माझंच चुकतंय का?" तिचं चुकत नव्हतं. ती तानपुऱ्याबरोबर गात होती आणि तिचा गांधार बरोबर होता. चुकत होती पेटी.

काळी चारचा खर्ज साधारण १०३.८ हर्ट्झचा. त्या तारेचा पाचवा स्वरांश, म्हणजे पाचपट कंपनांचा सूर, ५१९ च्या आसपास येतो. हाच आपला स्वयंभू गांधार, जवारी (घोडीवर तार टेकते तिथली घडण) नीट असेल तर न वाजवता ऐकू येणारा. लायब्ररीतली पेटी पाश्चात्त्य समसप्तकात, म्हणजे बाराही सूर सारख्या अंतरावर, लावलेली आहे. तिथं तोच गांधार ५२३ ला येतो. सेकंदाला चार हेलकावे. भूपासारख्या रागात, जिथं गांधारावर येऊन थांबायचं असतं, तिथं थांबलं की खालची जमीन हलते. १४ सेंटचा फरक आहे हो, पण ज्या मुलीचा कान अजून घडतोय तिला रोज अर्धा तास हा सूर ऐकवायचा म्हणजे ती वर्षभरात १४ सेंट चढं गायला शिकणार. मी इतका वेळ या एकाच सुरावर का घालवते, असं घरचेही विचारतात. त्याचं उत्तर एवढंच आहे.

पेटीवरचा हा आक्षेप जुनाच आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी आली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. मींड न निघणं आणि ठरीव सूर ही त्यामागची मोठी कारणं. पण त्या बंदीच्या काळातही सतरंजीवर बसून सूर खरवडणारे काका होतेच. लाकडी पेटीचा गांधार उतरवता येतो. भातखंड्यांनी बारा सुरांची लिपी केली ती कागदापुरती. गांधार किती उतरा हे गुरू गळ्यानं सांगतो. या लायब्ररीनं नुसता कागद वाजवला. आणि त्यांनी ज्या खऱ्या पेटीवरून सूर टिपले ती पेटी फार गोड आहे, भात्याचा श्वाससुद्धा घेतलाय, म्हणून जास्त वाईट वाटलं.

जानेवारीपासून मेपर्यंत मी काय केलं ते सांगते. पिच बेंडची (सूर वर-खाली सरकवायच्या सोयीची) कक्षा दोन अर्धस्वरांची ठेवली तर १४ सेंट खाली म्हणजे उणे ५७३ असा आकडा येतो. लेहऱ्यातल्या प्रत्येक गांधारावर हा आकडा हातानं टाकायचा, पुढच्या सुराआधी पुन्हा शून्य. आधीच्या सुराची शेपूट रेंगाळत असेल तर तीही खाली ओढली जाते, म्हणून तिथं जागा सोडायची. एका लेहऱ्याला दीड तास. असे चाळीसेक लेहरे केले. मग डिस्क गेली आणि लायसनही अडकलं. "तुमची विनंती आम्हाला मिळाली आहे" असं यंत्रानं पाठवलेलं पत्र चार वेळा आलं, माणसाचं एकदाही नाही. पावती, ऑर्डर क्रमांक, डिस्कचा फोटो, सगळं तीनदा पाठवलं. ज्यानं पैसे मोजलेत त्यालाच चोरासारखं सिद्ध करायला लावणं मला अजूनही पटत नाही.

इथपर्यंतचा मजकूर मेचा.

सातव्या पत्रात मी लायसनबरोबर गांधाराचंही लिहिलं. खरं तर चिडून लिहिलं : बारा हजार घेता आणि भूप वाजवता येत नाही. दोन दिवसांनी वेगळ्याच एका माणसाचं उत्तर आलं. लायसन मोकळं करून दिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की वाद्याच्या सेटिंगच्या शेवटच्या पानावर, जुन्या आवृत्तीत झाकलेल्या एका बटणामागे, बाराही सुरांचे सेंट वेगवेगळे भरायची सोय आहे. मार्गदर्शिकेत तिचा उल्लेख राहून गेला आहे, त्याबद्दल क्षमस्व.

सोय होती. डिसेंबरपासून होती.

त्या रात्री काळी चारचा तक्ता भरला : ऋषभ ४ वर, गांधार १४ खाली, मध्यम २ खाली, तीव्र मध्यम १० खाली, पंचम २ वर, धैवत १६ खाली, निषाद १२ खाली. तानपुरा लावला, गांधाराची पट्टी दाबून धरली. थरथर थांबली. कितीतरी वर्षांनी खोलीत तो एक सूर उरला आणि मी काही वेळ पट्टीवरचं बोट उचललंच नाही.

तेव्हा लायब्ररी वाईट आहे हे माझं मत मी मागे घेते. तिची मांडणी वाईट आहे. ज्या लायब्ररीच्या वेष्टनावर भारतीय वाद्यं असं लिहिलंय, तिच्या पहिल्याच पानावर षड्ज कोणता हे विचारायला हवं आणि त्यावरून बाकीचे सूर आपोआप बसायला हवेत. आत्ता षड्ज बदलला की सगळा तक्ता नव्यानं भरावा लागतो, कारण काळी चारला जो गांधार, तोच काळी एकला निषाद. मी चार षड्जांचे चार तक्ते जपून ठेवलेत. कोमल सुरांचे आकडे मुद्दाम भरलेले नाहीत. तोडीचा गांधार आणि दरबारीचा गांधार एका आकड्यात बसवायला मन होत नाही. त्या रागांना मी नुसता तानपुरा देते.

तबल्याबद्दल फार लिहीत नाही. दायाँ छान, बायाँची घुमक सरळसोट, मींड जवळजवळ नाही. तयार ठेक्यांत तिलवाडाच नाही! ग्वाल्हेर घराण्याचा बडा ख्याल शिकवणाऱ्यानं मग काय करायचं? सुटे बोल घेऊन, धा तिरकिट धिं धिं धा धा तिं तिं, असा सोळा मात्रांचा मी स्वतः जुळवला. तिरकिट दर आवर्तनात हुबेहूब तसंच ऐकू येतं, म्हणून चार वेगळ्या जोरांनी वाजवून आलटून-पालटून ठेवलंय.

कुणी अशी लायब्ररी घेणार असेल तर डेमो उघडून आधी भैरवीच्या गोड तुकड्यांना भुलू नका. तानपुरा लावा, गांधार दाबून धरा आणि हेलकावे मोजा. मग सेंट भरायचं पान कुठं आहे ते विचारा, आणि उत्तर यायला किती दिवस लागतात तेही बघा. डिस्क बदलायच्या आधी जुन्या मशीनवरचं लायसन सोडवून घ्या. माझी बंद पडलेली डिस्क ती संधी देण्याच्या अवस्थेत नव्हती.

इंदूरच्या विद्यार्थिनीला नवा भूप पाठवला. तिनं विचारलं, "ताई, ही बाबांची पेटी का?" नाही म्हणाले, पण पुढचं बोलायला थोडा वेळ लागला.

कंपनीनं आता नवी आवृत्ती सवलतीत देऊ केलीय, जुन्या ग्राहकांना साडेचार हजार. षड्ज निवडायची सोय तिच्यात आली आहे का, असं पत्र लिहून विचारलं, तर अजून नाही म्हणाले. ते पैसे बाजूला ठेवलेत. तानपुऱ्याची जवारी बसलीय, पंचमाची तार कोरडी वाजते. दिवाळीच्या आधी जवारी काढून घेणार आहे.