आठ महिने चॅटबॉटसोबत अभ्यास केल्यावर

एम.एस्सी. संख्याशास्त्राचं शेवटचं वर्ष, त्यात प्रबंध. या आठ महिन्यांत चॅटबॉट जवळजवळ रोज वापरला.

खरा फायदा झाला तो त्याच्याकडून उत्तरं घेऊन नाही, माझीच उत्तरं तपासून घेऊन. चाचणीची पी-व्हॅल्यू 0.03 आली म्हणजे नल हायपॉथेसिस, म्हणजे ‘काहीच फरक नाही’ हे गृहीतक, खरं असण्याची शक्यता 3 टक्के, असं मी कितीतरी दिवस धरून चालले होते. एका रात्री त्याला म्हटलं, ‘समजावू नकोस, मला प्रश्न विचार.’ तिसऱ्याच प्रश्नाला अडकले. पी-व्हॅल्यू म्हणजे एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, आणि ती काढतानाच नल हायपॉथेसिस खरं आहे असं गृहीत धरलेलं असतं, मग त्याच आकड्यावरून ते खरं असण्याची शक्यता कशी सांगणार? वर्गात हे विचारायची माझी हिंमत झाली नसती.

संदर्भांसाठी मात्र त्याच्यावर अजिबात विसंबू नका. त्याने सुचवलेल्या एका शोधनिबंधाचे लेखक, नियतकालिक, खंड, पानं सगळं चोख होतं. ग्रंथालयात तो खंड काढला तर त्या पानांवर भलताच लेख! आता मूळ लेख स्वतः उघडल्याशिवाय एकही संदर्भ यादीत घेत नाही.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो लपवाछपवीचा. एक सर म्हणतात, नावही काढू नका. दुसरे म्हणतात, वापरा पण सांगा. बाकीचे गप्प. मुलं वापरतात आणि कुणी आलं की स्क्रीन बंद करतात. माझ्या मैत्रिणीचा स्वतः लिहिलेला निबंध तपासणीच्या सॉफ्टवेअरने ‘एआयचा’ ठरवला; बिचारी कच्चे खर्डे घेऊन दारोदार फिरली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी 2023मध्ये आणलं आणि जुलैत बंद केलं. त्यांच्याच चाचणीत ते एआयचा 26 टक्के मजकूरच ओळखत होतं, आणि माणसांनी लिहिलेला 9 टक्के मजकूर एआयचा ठरवत होतं. एवढ्या भरवशावर कुणाला खोटं पाडायचं?

मी शेवटी गाईड मॅडमना सगळं सांगून टाकलं. रागावतील वाटलं होतं. त्यांनी ती संभाषणं मागवून घेतली, शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, ‘प्रबंधात लिही, कुठे आणि कशासाठी वापरलंस ते.’ व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्यांचा पहिलाच प्रश्न पी-व्हॅल्यूवर होता.