सेंटरवरचं डायलिसिस की घरचं सीएपीडी (पोटात द्रव भरून-काढून घरीच करायचं डायलिसिस)?
बाबांसाठी काय निवडू, भाच्याने विचारलं.

थकव्यात फरक मोठा. सेंटरवरचं हिमोडायलिसिस (यंत्रातून रक्त शुद्ध करणं) बहुधा आठवड्यातून 3 वेळा, 4-4 तास. अंगातलं जास्तीचं पाणी एकदम निघाल्याने घरी आल्यावर माणूस ताट बाजूला सारून आडवा होतो. ती दुपारची झोप रात्रीची झोप खाते. सीएपीडीत पाणी हळूहळू निघतं, तसा गळाठा कमी. पण रोज साधारण 4 वेळा द्रवाच्या पिशव्या बदलायच्या, सुट्टी नाही, शिवाय पोटात जंतुसंसर्गाची धास्ती. रात्री पाय वळवळणं दोन्हीकडे. लोह कमी असलं तर ते वाढू शकतं, म्हणून लोह तपासून घ्याच.

मन? सेंटरवर शेजारच्या खाटेशी गप्पा तरी होतात. उदासी टिकली तर डॉक्टरांना सांगायचंच, लाजायचं नाही.

नोकरी असेल, सेंटर लांब असेल तर सीएपीडी. नजर अधू आणि घरी मदतीला कुणी नसेल, तर सेंटरच बरं.