टेबलावरचा स्पटर कोटर: प्लॅस्टिकवर सोने चढते, पण टिकते का?

पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक) आणि पॉलिइमाइड (जास्त उष्णता सोसणारे प्लॅस्टिक) यांच्या लवचिक फिल्मवर सोन्याचे इलेक्ट्रोड काढण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेने उन्हाळ्यात स्पटर कोटर, म्हणजे निर्वात कक्षात धातूचे अणू उडवून पातळ थर चढवणारे यंत्र, घेतला; तो टर्बो पंपाचा (उच्च निर्वात करणाऱ्या पंपाचा) आणि एका वेळी एकच टार्गेट (ज्या धातूचा थर द्यायचा त्याची चकती) बसणारा आहे आणि पावसाळा सरेपर्यंत त्यावर नियमित काम झाले.

थराची जाडी राखण्यात यंत्र चोख आहे. आर्गॉनच्या आयनांनी टार्गेटवरून उडवलेल्या सोन्याच्या अणूंना प्लॅस्टिकपेक्षा एकमेकांचीच ओढ जास्त असते. त्यामुळे आधी सुटी बेटे तयार होतात, ती वाढून एकमेकांना भिडतात आणि मगच वीज वाहू लागते. क्वार्ट्झच्या जाडीमापकावर ३-४ नॅनोमीटर आकडा असताना फिल्म निळसर दिसते आणि मल्टिमीटर काहीच दाखवत नाही. १० नॅनोमीटरच्या पुढे मात्र रोध झपाट्याने उतरतो.

थर चिकटून राहण्याबाबत माहितीपत्रकावर विसंबू नये. पीईटीवर नुसते सोने चढवून चिकटपट्टी ओढली, की पट्टीच्या पाठीवर सोन्याचा अखंड आरसा येतो, कारण सोने प्लॅस्टिकशी रासायनिक बंध जवळजवळ करतच नाही. खाली २-३ नॅनोमीटर क्रोमियम दिले तर ते पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनयुक्त गटांशी बंध जोडते; आधी ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने आयनित केलेला ऑक्सिजन) दिल्यास असे गट वाढतात आणि पकड आणखी घट्ट होते. खरी अडचण इथेच आहे. क्रोमियमनंतर सोन्याचे टार्गेट बसवायला कक्ष उघडावा लागतो, तेवढ्यात क्रोमियमवर ऑक्साइड धरते आणि सोन्याला हवी तशी पकड मिळत नाही. इतक्या किमतीच्या यंत्रात ही उणीव खटकते.

पॉलिइमाइड ओलावा शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात हवे तेवढे निर्वात मिळायला फार वेळ लागू लागला; फिल्म रात्रभर १२० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये ठेवल्यावर हा त्रास बराच कमी झाला. पीईटीला इतकी उष्णता चालत नाही. ती ७०-८० अंशांच्या आसपासच नरम पडू लागते, म्हणून तिच्यावरचा जाड थर मध्ये विश्रांती देत टप्प्याटप्प्याने चढवावा, नाहीतर कडा मुडपतात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या नमुन्यांना सोने देण्यापुरते काम असेल, तर हे यंत्र गरजेपेक्षा चांगलेच म्हणावे लागेल. लवचिक सर्किट करणाऱ्यांनी मात्र कक्ष न उघडता टार्गेट बदलता येणारे मॉडेल घ्यावे आणि खरेदीपूर्वी आपल्याच फिल्मवर थर चढवून चिकटपट्टीची चाचणी समोर करून दाखवायला सांगावे.