दंडावरचं बीपी मशीन : नुकतीच दारू सोडली असेल तर घ्यावं का?

हे मशीन घेऊन वर्ष होत आलं, त्यामुळे बॉक्स उघडल्या उघडल्या पाच स्टार ठोकणाऱ्यांतला मी नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते दंडाला पट्टा बांधायच्या कुठल्याही मशीनला लागू पडतं. नाशिकला आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून घेतलं, दोन हजाराच्या आसपास बसलं, सोबत चार सेल, पाऊच आणि वॉरंटी कार्ड. कार्डावर शिक्का मारून घ्या, मेडिकलवाला आपणहून मारत नाही.

मशीन म्हणून चांगलंय. डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो, त्यांनी आधी त्यांच्या मशीनवर आणि लगेच माझ्यावर बीपी घेतलं, चार-पाचचा फरक आला, म्हणाले चालतंय. मनगटावरचं शक्यतो घेऊ नका, हात जरा वरखाली झाला की आकडा बदलतो. पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटीमीटरचा येतो, दंड त्याहून जाड असेल तर मोठा मागा कारण लहान पट्ट्यात बीपी उगाच जास्त दिसतं. मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, मग पाच मिनिटं पाठ टेकवून गप बसायचं, पायावर पाय टाकायचा नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीला, आणि बोलायचं नाही. आमच्याकडे पट्टा फुगायला लागला की घरातल्या सगळ्यांना नेमकं माझ्याशीच बोलायचं असतं.

आता मुद्द्यावर येतो. मला बीपी होतं म्हणून मी हे घेतलेलं नाही, भीतीपोटी घेतलं. गटारीला शेवटची बसलो, श्रावण पाळायचा म्हणून सोडली आणि श्रावण संपल्यावर परत सुरू केलीच नाही. (रोज भरपूर पिणाऱ्याने माझं बघून एकदम बंद करू नका बरं का, डॉक्टरांना विचारून करा. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, हे जिवावर बेतू शकतं. मी आधी दाखवून आलो होतो, त्यांनी गोळ्या आणि व्हिटॅमिन बी-१ दिलं होतं.) पीत होतो तेव्हा छातीत धडधडो नाहीतर पोटात दुखो, क्वार्टर आत गेली की सगळं गप. सोडल्यावर मात्र अंगातली प्रत्येक कुरकुर ऐकू यायला लागली. उजव्या बरगडीखाली टोचलं की लिव्हर गेलं, डावीकडे टोचलं की हार्ट, डोकं दुखलं की ट्यूमर. आरशासमोर पापणी खाली ओढून डोळे पिवळे झालेत का बघायचो, तेही बाथरूमच्या पिवळ्या बल्बखाली, म्हणजे दिसणारच.

डॉक्टरांनी याचं कारण नंतर नीट समजावलं. दारू मेंदूला सुस्त करते, ती रोज येतेय म्हटल्यावर मेंदू तिला तोंड द्यायला स्वतःला जास्त चेतवून ठेवायला शिकतो, आणि दारू थांबली की ते चेतवणं तेवढं मागे उरतं. म्हणून धडधड, घाम, झोप नाही, कारण नसताना जीव घाबरा होणं. मोठा भर पहिल्या आठवड्यात ओसरतो पण झोपेचं आणि घाबरण्याचं काहीजणांना काही महिने चालतं. जुने मित्र म्हणायचे, "सोडलीस म्हणून होतंय, एक मार, बरं वाटेल." वाईट म्हणजे एक मारली तर तासभर बरं वाटतंच, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन परत येतं.

तर अशा माणसाच्या हातात हे मशीन आलं. रात्री दोनला धडधडायला लागलं की उठून पट्टा बांधायचा. घाबरलेला असताना बीपी जास्तच येणार, ते बघून अजून घाबरायचं, परत मोजायचं, अजून जास्त. त्यात या मशीनची एक खोड अशी की ठोक्यात जरा गडबड वाटली की स्क्रीनवर हार्टचं चित्र लुकलुकतं. हात हलला तरी येतं, मधेच बोललो तरी येतं. कंपनीने ते एका ओळीत नीट मराठीत लिहून द्यायला काय हरकत होती, पुस्तिकेत मराठी आहे पण ते वाचून काही कळत नाही. डॉक्टरांनी तरी ईसीजी काढला, कारण दारूने ठोके खरंच अनियमित होऊ शकतात, आणि तो नॉर्मल आला. आपल्याला ते चित्र वारंवार दिसत असेल तर एकदा दाखवून या, रोज स्वतः अर्थ लावत बसू नका. आणि मोजून झाल्यावरचा बीप बंद करता येत नाही, त्यामुळे आमच्या हिला रात्री मी किती वेळा उठलो ते झोपेतही कळायचं.

मशीनमध्ये मेमरी असते, तारीख-वेळेसकट. बायकोने ते मशीनच डॉक्टरांपुढे ठेवलं. ते बटण दाबत गेले, दाबत गेले, रात्री २.१०, २.१४, २.१७, २.२५... शेवटी म्हणाले, "हे बीपीचं मशीन आहे का सीसीटीव्ही?" मग त्यांनी नियम घालून दिला : सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट सोडून, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्याची सरासरी काढायची आणि ती १३५/८५ च्या खाली असेल तर नंतर आठवड्यातून एखादा दिवस बस. माझी खालीच आली. दारू सोडल्यावर काही आठवड्यांत बीपी आपसूक उतरतं बऱ्याच जणांचं.

आणि भीती वाटली म्हणून मोजायचं नाही, हे खरं औषध, आणि कडू आहे. मोजून जो दिलासा मिळतो तो थोडाच वेळ टिकतो आणि पुढच्या वेळी मेंदू परत तेच मागतो. म्हणून धडधड झाली की अर्धा तास थांबायचं, श्वास हळू सोडायचा, गॅलरीत फेऱ्या मारायच्या, तोवर बहुतेक वेळा उतरतं. पहिले काही दिवस तो अर्धा तास संपता संपत नाही. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली, डोळे खरोखर पिवळे झाले, तर मात्र थांबायचं नाही, मशीनही काढायचं नाही, सरळ १०८.

हेच लॅबवाल्यांच्या त्या फुल बॉडी चेकअप पॅकेजचं. दर महिन्याला ऑफरचा मेसेज येतो म्हणून करू नका. लिव्हरच्या तपासणीतला जीजीटी दारू सोडल्यावरही उतरायला काही आठवडे घेतो, आणि रक्तातल्या पेशींची साइज सांगणारा तो एमसीव्ही दोन-चार महिने वर राहू शकतो कारण लाल पेशीच जवळपास १२० दिवस जगते. मला रिपोर्टमध्ये ठळक 'एच' (म्हणजे हाय, जास्त) दिसला तेव्हा हे माहीत असतं तर दोन रात्री झोपलो असतो. डॉक्टर सांगतील तेव्हाच तपासा.

रात्री फारच झालं तर १४४१६ लावा, टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी लावलाय. समोरच्या बाईंनी बीपी किती हे विचारलंच नाही, जेवलात का आणि कोण आहे जवळ ते विचारलं.

मशीनला साडेतीन स्टार. अर्धा त्या हार्टच्या चित्राचा कापला, एक बीपचा. सोडून थोडेच दिवस झाले असतील तर मशीन घरात असू द्या पण घरच्यांच्या ताब्यात. आणि सगळ्या रिव्ह्यूमध्ये लोक सांगतात सेल लवकर संपतात, ॲडाप्टर वेगळा घ्या, तो तेवढा आपण घेऊ नका. सेल काढून ठेवता येतात, आमचे संध्याकाळचं रीडिंग झालं की टीव्हीच्या रिमोटमध्ये जातात.