मोंढ्याचा भाव किती हलेल: गार्च, रँडम फॉरेस्ट की एलएसटीएम?

सोयाबीन चढेल की उतरेल, हे सांगणारे लातूरच्या मोंढ्यात दर टपरीवर भेटतात. किती हलेल, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी संगणक उघडलाच असेल तर आधी हातातला डेटा बघा. दिवसाला एक सर्वसाधारण दर, दहा वर्षांच्या जेमतेम अडीच हजार ओळी.

एवढ्यात गार्चचं भागतं, म्हणजे मागच्या हालचालीवरून पुढची हालचाल किती मोठी असेल हे सांगणाऱ्या सांख्यिकी सूत्राचं. अर्थतज्ज्ञ एंगल यांनी १९८२ मध्ये आर्च मांडलं, बोलरस्लेव्ह यांनी १९८६ मध्ये ते वाढवून गार्च केलं. खवळलेला बाजार लगेच निवत नाही, एवढ्यावर ते उभं आहे आणि मुख्य आकडे तीनच शोधायचे असतात. एलएसटीएमला, म्हणजे क्रमाने आलेल्या डेटातून शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कला, हजारो वजनं, म्हणजे आतले आकडे, बसवावी लागतात. इतक्या कमी ओळींत ते शिकत नाही, पाठ करतं. निफ्टीचे मिनिटामिनिटाचे भाव असतील तर खुशाल वापरा. तिथे ताडून बघायला इंडिया व्हीआयएक्सही आहे, म्हणजे निफ्टी किती हलेल याचा बाजाराचा अंदाज सांगणारा निर्देशांक. सोयाबीनसाठी ताडून बघायला उपयोगी पडले असते ते वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, मात्र सेबीने डिसेंबर २०२१ मध्येच थांबवले.

रँडम फॉरेस्टचा, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांच्या अंदाजांची सरासरी काढणाऱ्या पद्धतीचा, मोह मलाही होतो, कारण आवक, पाऊस, पेंडीचा भाव सगळं त्यात घालता येतं. पण त्याचा अंदाज जुन्या नोंदींच्या सरासरीतून येतो, त्यामुळे आजवरच्या सर्वांत मोठ्या हेलकाव्यापलीकडे तो जातच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या सोयातेलाचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर गेलं. असा निर्णय आधी कुणालाच दिसत नाही. पण त्याने बाजार पूर्वी कधी नव्हता इतका हलला, तर गार्च दुसऱ्या दिवशी आपला अंदाज वर नेतं, फॉरेस्ट जुन्या कमालीलाच अडकतं.

खरी गोची ओलाव्याची. दिवाळीच्या आसपास ओला माल येतो, सर्वसाधारण दर पडतो, चार दिवस ऊन पडलं की वर येतो. बाजार जागचा हललेला नसतो, हललेली असते प्रत. हे एकाही पद्धतीला कळत नाही. त्या दोन महिन्यांत मी कमाल दर घेतो. तो बहुधा वाळलेल्या मालाचा असतो. सुट्टीत मोंढा बंद राहिला तर आठवड्याची हालचाल एका दिवसाच्या नावावर चढते, तीही वेगळी काढा.

तपासताना डेटाच्या ओळी पत्त्यांसारख्या पिसू नका, तारखेचा क्रम तसाच ठेवा, नाहीतर पुढचं वर्ष शिकून मागचं ओळखल्याची फुशारकी होते. आधी गार्च चालवा. फॉरेस्टने सलग दोन हंगाम त्याला मागे टाकलं तरच तिकडे वळा.