थेरपिस्ट शोधण्यात गेलेले सात महिने आणि सापडल्यानंतरचे नऊ (गंगाखेड ते नांदेड)

गंगाखेडला माझं मेडिकल आहे. एकोणीस वर्षं झाली काउंटरवर उभा आहे. गावात झोपेची गोळी कोण घेतं, कुणाचं प्रिस्क्रिप्शन चार घड्या घालून खिशात येतं आणि दुकान रिकामं झाल्यावरच बाहेर निघतं, हे मला ठाऊक असतं. अशी चिठ्ठी माझ्याही खिशात येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

माझ्या वर्गातला, माझ्याच वयाचा मित्र मागच्या वर्षी हार्ट अटॅकनं गेला. त्रेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या तेराव्याहून आलो, दुकान उघडलं आणि तासाभरात माझ्याच छातीत धडधड सुरू झाली. हातापायाला मुंग्या, घशाला कोरड, डोळ्यांपुढं अंधारी. दुकानातल्या पोऱ्याला एवढंच म्हणालो, "मला कसतरीच होऊलालंय, शटर ओढ." परभणीला नेलं. ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. डॉक्टर चांगले होते, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका. पण ते आठवड्यात पुन्हा झालं, मग दिवसाआड. एसटीत झालं, लग्नाच्या पंगतीत झालं. पहाटे चारला जाग यायची आणि आता आपली पाळी, असं वाटून मी उठून बसायचो.

एका रात्री दुकान बंद करताना मी अल्प्राझोलाम या घबराटीवरच्या गोळीची पट्टी हातात घेतली. ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये येते. विकली की वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि नग लिहायचे आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. सवयीनं मी रजिस्टर उघडलं. पेशंटच्या रकान्यात काय लिहायचं ते माहीत होतं. डॉक्टरच्या रकान्यात लिहायला माझ्याकडं कुणी नव्हतं. पट्टी परत ड्रॉवरमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून शोधायला लागलो.

आईनं आधी मीठ-मिरची ओवाळून टाकली. मी टाकू दिली, तिचा जीव त्यात होता. नंतर एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या मानसोपचारतज्ज्ञांकडं गेलो. पहाटेची रेल्वे, तिथं साडेचार तास बसणं आणि आत सहा-सात मिनिटं. बाहेर आलो तेव्हा हातात चार औषधं होती आणि मला नेमकं काय झालंय ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, बाहेर दीडशे माणसं बसलेली मी डोळ्यांनी पाहिली. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यांतलं एकही आमच्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत नाही. मग संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात आणि मोजक्या खासगी दवाखान्यांत ही गर्दी होणारच. पण माझा प्रश्न तिथं सुटला नाही.

दुसऱ्यांदा जिल्ह्याच्या ठिकाणी एका समुपदेशकाकडं गेलो. गुळगुळीत पाटी, भिंतीवर सहा सर्टिफिकेटं. दोन वेळा गेलो. दोन्ही वेळा त्यांनीच पाऊण तास भाषण दिलं: सकारात्मक राहा, मोबाईल कमी करा, बायकापोरांकडं बघा. दुसऱ्या वेळी उदाहरण म्हणून त्यांनी आमच्याच तालुक्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, पण गाव सांगितलं, धंदा सांगितला, भावकीतलं भांडण सांगितलं. मी त्या माणसाला ओळखलं. तो माझं गिऱ्हाईक आहे. मी तिथंच उठलो. मानसिक आरोग्य सेवेचा २०१७चा कायदा आहे, २०१८पासून लागू आहे, आणि आपली माहिती गुप्त राहणं हा त्यात रुग्णाचा हक्क आहे. तो मी नंतर वाचला. त्या दिवशी एवढंच कळलं की उद्या माझी गोष्ट तिसऱ्याला सांगितली जाणार.

या सगळ्यात माझी एक मोठी चूक होती. मेडिकलवाला असून मला यांच्यातला फरक धड माहीत नव्हता. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं त्या विषयात एमडी किंवा डीपीएम ही पदविका केलेला डॉक्टर. निदान करतो, औषध लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध लिहीत नाही. तपासण्या घेतो आणि बोलून, सराव करून घेऊन उपचार करतो. त्यासाठी त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारला तर खऱ्या माणसाला राग येत नाही, आणि तो आरसीआयच्या वेबसाइटवर तपासताही येतो. समुपदेशकांत चांगली शिकलेली माणसं आहेतच, पण ती पाटी लावणाऱ्यांत काही आठवड्यांचा कोर्स केलेलेही सापडतात. म्हणून कुठं शिकलात, कुणाच्या हाताखाली काम केलंत, हे तिथं तोंडानं विचारावंच लागतं.

तिसरा प्रयत्न मोबाईलवरच्या थेरपीचा. ताई हुशार होत्या, मनापासून ऐकायच्या. पण सेशनला हजाराच्या वर, आणि आमच्या घरात दार लावून बोलायला जागा कुठली? मी दुकानाच्या गोडाऊनमध्ये सलाईनच्या खोक्यांवर बसून बोलायचो आणि नेट गेलं की सगळं मुसळ केरात. खरी अडचण भाषेची होती. त्या विचारायच्या, "त्या मोमेंटला तुम्हाला काय फील झालं?" माझ्याकडं उत्तर नसायचं. दुःख नव्हतं, राग नव्हता. जे होतं त्याला आमच्याकडं 'जीव घाबरा होणं' म्हणतात, आणि ते म्हटलं की त्या ते 'अँग्झायटी' करून वहीत लिहायच्या आणि पुढं जायच्या. चार सेशननंतर मी थांबलो. त्यांना तसं सांगूनही टाकलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही, उलट पॅनिकवर काम करणारं जवळ कुणी आहे का ते शोधा म्हणाल्या. 'पॅनिक', म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका, हा शब्द तेव्हा पहिल्यांदा मिळाला.

जूनमध्ये एका पहाटे फार झालं. बायको घाबरून म्हणाली, "अहो, आता कुणाला तरी फोन लावा ना." मी १४४१६ लावला. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा, ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते. भाषेत मराठी निवडता येते. पलीकडच्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "दादा, आत्ता कुठं बसलाव? पाय जमिनीला टेकलेत का?" वीस-बावीस मिनिटं त्या फोनवर होत्या. श्वास हळू सोडायला लावला, खोलीतल्या पाच वस्तू मोजायला लावल्या. शेवटी सांगितलं की प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात, जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. औषधासाठी नाही, तर पुढं कुणाकडं जायचं ते विचारायला जा. हा सल्ला मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. तिथल्या सोशल वर्करनी केस पेपर काढायला लावला, माझं सगळं ऐकलं आणि नांदेडच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव कागदावर लिहून दिलं.

त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. एक तर त्यांच्याकडं तेव्हाच तीन आठवड्यांची वाट होती. दुसरं म्हणजे मला जमलं ते तुम्हाला जमेलच असं नाही.

जायच्या आधी मी फोनवर पाच-सहा गोष्टी विचारल्या. पॅनिकचे पेशंट पाहता का, सेशन किती मिनिटांचं, फी किती, मी बोललेलं कुठं जाणार नाही ना, औषधाची गरज वाटली तर काय करता. त्यांनी एकेकाचं सरळ उत्तर दिलं. पन्नास मिनिटं, आठशे रुपये. औषध लागलं तर त्याच गावातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडं चिठ्ठी देतात आणि दोघं मिळून पेशंट पाहतात. जिवाला धोका दिसला तरच घरच्यांना सांगतात, एरवी नाही. एवढं ऐकूनच मला अर्धं हलकं वाटलं होतं.

पहिल्या सेशनला मॅडमनी विचारलं, "जीव घाबरा होतो म्हणजे सुरुवात कुठून होते? छातीतून, पोटातून, का डोक्यातून?" सात महिन्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी म्हणालो, पोटातून. आधी पोटात खड्डा पडतो, मग छातीत येतं. त्यांनी माझेच शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. चिंता किती आहे ते मोजणारी, जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची मराठी प्रश्नावली दिली. एकवीसपैकी माझे १७ आले. पंधरा किंवा त्याच्या वर म्हणजे तीव्र. आकडा पाहून मला बरंच वाटलं. म्हणजे मी काही खोटंनाटं करत नव्हतो.

चौथ्या सेशनचं जरा सविस्तर सांगतो. त्यांनी मला खोलीतच जागच्या जागी एक मिनिट जोरात पळायला लावलं, मग खुर्चीत बसवून हात छातीवर ठेवायला सांगितला. धडधड तीच, घाम तोच, कानात सूं आवाज तोच. मी दाराकडं बघायला लागलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "बघा, हे तेच आहे का? आता याला काही करू नका. पाणी पिऊ नका, नाडी बघू नका. नुसतं किती वेळ राहतंय ते घड्याळात बघा." चार मिनिटांत उतरलं. एवढे महिने मी धडधड सुरू झाली की नाडी मोजायचो, नाडी मोजली की भीती वाढायची आणि भीतीनं धडधड. हे चक्र त्यांनी कागदावर काढून दिलं. तो कागद अजून गल्ल्यात आहे. यालाच सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणतात. विचार, शरीर आणि आपण करतो त्या गोष्टी एकमेकींना कशा ओढतात ते पकडायचं, आणि ज्याची भीती वाटते ते ठरवून, थोडं थोडं करून बघायचं. घरचा अभ्यासही असायचा. मी एक्स्पायरीच्या वहीची मागची पानं त्यासाठी वापरली: वेळ, कुठं होतो, मनात काय आलं, प्रत्यक्षात काय झालं. 'मरणार' असं मी त्या वहीत ३१ वेळा लिहिलं आहे. समोरच्या रकान्यात दर वेळी 'दहा मिनिटांत उतरलं' एवढंच आहे.

औषधही चालू आहे. दुसऱ्या महिन्यात मॅडमनीच मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं. एकच गोळी, एसिटालोप्रॅम. ती चढायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळतं, बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. म्हणजे डॉक्टर हवा का थेरपिस्ट, हा वाद माझ्यापुरता तरी फोल निघाला.

आता खटकलेलं. पालम-लोहामार्गे एसटीनं जाऊन येण्यात माझा अख्खा बुधवार जातो. फी आणि भाडं मिळून सेशनला हजाराच्या पुढं. पहिले दीड महिने दर आठवड्याला आणि नंतर पंधरा दिवसांनी, असे नऊ महिने हे सगळ्यांना झेपणारं नाही, आणि ही गोष्ट मला आजही टोचते. नंतर एकाआड एक सेशन फोनवर केलं म्हणून थोडं निभलं. कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा, असं स्पष्ट आहे. पण माझी पॉलिसी ॲडमिट झाल्यावरचा खर्च देणारी, त्यामुळं थेरपीचं बिल त्यात बसलं नाही. पॉलिसी घेताना ओपीडीचं, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेल्या उपचाराचं कलम बघून घ्या. दिवाळीत उधारी थकली, सोयाबीनला भाव नव्हता, लोक तरी कुठून देणार? तेव्हा पुन्हा तीन वेळा झालं. मला वाटलं सगळं पाण्यात गेलं. मॅडम म्हणाल्या, वही काढा. तीनही वेळा मी दुकान बंद केलं नव्हतं.

माझ्यासारखं शोधत असाल तर माझं मत असं: पहिल्याच भेटीत ठरवू नका, तीन भेटी द्या. पण कुणी तुम्हाला दुसऱ्याची गोष्ट सांगितली, तुमच्या जातीवर, बायकोवर किंवा कमाईवर बोललं, तर तिसरी भेट द्यायची गरज नाही. थेरपिस्ट बदलला म्हणून अपराधी वाटून घेऊ नका, आणि पहिल्याचा अनुभव वाईट आला म्हणून सगळ्यांवर फुली मारू नका. मी दुसऱ्यानंतर मारली होती, दीड महिना घरात बसलो, आणि तो दीड महिना सगळ्यात वाईट गेला. स्वतःला संपवावं असं मनात येत असेल तर हा शोधच नको. आत्ता १४४१६ लावा किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात घरच्या माणसाला घेऊन जा.

मागच्या महिन्यात जीएडी-७चे ५ आले. सेशन आता महिन्यातून एक.

अजून एक. चौथ्या की पाचव्या भेटीत मॅडमनी विचारलं होतं, घरात कुणाला असा त्रास आहे का? मी नाही म्हणालो होतो. आई उन्हाळा-पावसाळा ओसरीत झोपते, पण ती तिची सवय, असं आम्ही लहानपणापासून धरून चाललो. तिचं माहेर औसा तालुक्यातलं. १९९३च्या गणपतीला ती माहेरी गेली होती आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, तिथंच होती. त्यानंतर ती स्लॅबखाली झोपलेली मला आठवत नाही. दहा-बारा दिवसांपूर्वी मी ओसरीत बसून वही लिहीत होतो, तर तिनं विचारलं, "त्या बाई म्हाताऱ्या माणसाचं ऐकतेत का रे?" फोन करून विचारलं. बुधवारची साडेअकराची वेळ मिळाली आहे, माझ्या जागी ती बसणार आहे.