'पाळीव प्राणी चालतील' म्हणणारं घर: आठ महिने राहिल्यावर

मागच्या महिन्यात घरमालक काका गळका नळ बघायला आले आणि जाताना बेडरूमच्या दारामागच्या कोपऱ्याचा फोटो काढून घेऊन गेले. रात्री मेसेज आला: 'कुत्रीने कोपरा खराब केला आहे, भिंतीखालची लाकडी पट्टी फुगली आहे, खर्च डिपॉझिटमधून वळता करू.' तिसऱ्या महिन्यात लिहायला बसले असते तर या घराला पाचपैकी पाच दिले असते. बरं झालं, तेव्हा आळस केला.

घर मिळवतानाची पायपीट थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांची सारखीच असते. जाहिरातीत 'प्राणी चालतील', फोनवर 'चालेल की', आणि आमच्या कुत्रीला, ढमीला, प्रत्यक्ष बघितल्यावर 'अगं बाई, एवढी मोठी?' एका मालकांच्या मनात प्राणी म्हणजे काचेच्या पेटीतले मासे होते. दुसऱ्यांना कुत्रा चालत होता, पण चोवीस तास बाल्कनीत. सतरावं घर हे. इथे उपयोगी पडला तो ढमीचा बायोडेटा: लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा दाखला, कातडीखालच्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर आणि आधीच्या मालकीणबाईंचं चार ओळींचं पत्र. ती भुंकते का, यावर तोंडी आश्वासन कोणी मानत नाही. म्हणून आम्ही बाहेर पडताना जुना फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला होता. एकटं राहण्याचा त्रास असलेली कुत्री बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच आरडाओरडा सुरू करतात, त्यामुळे तेवढं ऐकवलं की पुरतं. ढमीच्या अर्ध्या तासात एक जांभई आणि भांडं चाटल्याचा आवाज. काका हसले, सही झाली. डिपॉझिट इतरांच्या दीडपट, शिवाय दर महिन्याला 'प्राण्याचे' म्हणून वेगळे. माझ्या डोक्यात हे गणित अजून बसलेलं नाही. झीज होणार म्हणून दर महिन्याला पैसे घेता, मग तीच झीज पुन्हा डिपॉझिटमधून कशी कापता?

आता तो कोपरा. घर बघायला गेलो तेव्हा खिडक्या उघड्या आणि ताज्या रंगाचा वास. मला काकांचं कौतुक वाटलं होतं, आमच्यासाठी रंग दिला म्हणून! पहिल्या दिवसापासून ढमी त्या दारामागे नाक खुपसून उभी. हवा दमट झाली तशी खोलीत उग्र दर्प यायला लागला, आणि एकदोनदा तिनेही तिथेच कार्यक्रम उरकला. मी तिला रागावले. रोज फिनेल, वर सुगंधी फवारा. सातव्या महिन्यापर्यंत माझं ठाम मत होतं की चूक आमचीच आहे.

मत बदललं ते काकांच्या मेसेजनंतर, एका अतिनील टॉर्चमुळे. वाळलेली लघवी त्या उजेडात पिवळट-हिरवट चमकते. पहिल्या रात्री अख्खं स्वयंपाकघर चमकलं आणि माझे हातपाय गार पडले. नंतर कळलं, कपड्याच्या साबणातली शुभ्रतेची द्रव्यंही त्या उजेडात चमकतात आणि मी फरशी त्याच पाण्याने पुसत होते. साध्या पाण्याने दोनदा पुसून पुन्हा बघितलं. फरशीवर दोन छोटे डाग, ते आमचे, मान्य. पण भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रंगाचा पोपडा जिथे उडाला होता तिथे आतून खाली ओघळलेल्या रेघा. ढमी मादी आहे, खाली बसून करते. भिंतीला पाठ लावून, शेपूट वर करून उभ्या पृष्ठभागावर फवारा मारायची सवय बोक्यांची. विचारल्यावर काका जरा घुटमळले आणि म्हणाले, 'आधीच्या भाडेकरूंकडे एक बोका होता खरा.'

खरा! हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं. जे घर तुमचा प्राणी घेतं, ते आधी दुसऱ्या कोणाचा तरी घेऊन बसलेलं असतं. मांजरांच्या लघवीतलं युरिक ॲसिड पाण्यात सहजी विरघळत नाही. त्याचे स्फटिक प्लास्टरमध्ये बसून राहतात आणि दमट हवेत दर्प पुन्हा वर येतो. वरून रंग दिला की माणसाला फसवता येतं, कुत्रीला नाही.

उपाय एन्झाइमवाला, म्हणजे लघवीतली द्रव्यं मोडणारा क्लीनर. दोनदा वापरला, पहिल्यांदा चुकीचा: आधी फिनेल मारलं होतं, त्याने एन्झाइमचं काम बिघडतं. शिवाय फवारून लगेच पुसायचा नसतो. भरपूर ओला करून बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ ठेवायचा आणि आपोआप वाळू द्यायचा. अमोनियावाले क्लीनर तर नकोतच, प्राण्याला तो वास आपल्याच जातीचा निरोप वाटतो. आणि ब्लीच ओतायचा मोह आवरा, लघवीतल्या अमोनियाशी त्याचा विषारी वायू होतो. पट्टी उखडली, मागचं प्लास्टर दोन बोटं खरवडलं, भिजवलं, वाळवलं, वास आत अडवणारा सीलर मारला. ढमी आता त्या दारामागे फिरकत नाही.

बाकी घर? उजेड आहे, पाणी आहे, वरच्या मजल्यावरच्या आजी ढमीला नावाने हाक मारतात. लादी गुळगुळीत, त्यामुळे नखं दर पंधरा दिवसांनी कापावी लागतात, नाहीतर वळणावर घसरते.

पाचपैकी साडेतीन. गेले ते दीड त्या कोपऱ्याचे. टॉर्चच्या उजेडातले फोटो तारखेसकट पाठवल्यावर काकांनी डिपॉझिटचा विषय मागे घेतला, क्लीनरचे पैसेही दिले. मग शेजारचा त्यांचाच रिकामा फ्लॅट तपासायला टॉर्च मागून नेली. तिला आता तीन आठवडे झाले.